खिंडीतला देव आणि रविवारची माणसं

आमच्या घरामागच्या भातखाचरांतून गडाची वाट निघते. ठाकर आदिवासींच्या वाडीपर्यंत ती शहाण्यासारखी सपाट जाते आणि मग एकदम अंगावर आल्यासारखी खिंडीत चढते. खिंडीत देव आहे, आम्ही त्याला आजा म्हणतो. देव म्हटल्यावर लोकांना मूर्ती हवी असते, ती तिथे नाही. गुडघ्याएवढा एक ओबडधोबड दगड आहे, शेंदूर न लावलेला, आणि त्याच्याभोवती जांभळीची आणि ऐनाची झाडं. खिंड ओलांडणाऱ्याने वाटेवरची एक हिरवी डहाळी मोडायची, देवापुढे ठेवायची आणि चालू लागायचं, एवढीच त्याची पूजा. मागायचं काही नाही. असा न मागता सोडणारा देव मला फार आवडतो.

माझी उभी हयात आमच्या गावच्या अंगणवाडीत गेली. पोरांना गप्प बसवता बसवता माझा आवाज वाढला तो वाढलाच. आमचे हे म्हणतात, तू घरात बोललीस की हायवेवरच्या चौक गावच्या नाक्यावर रिक्षा थांबतात. ते स्वतः इतके हळू बोलतात की त्यांचं म्हणणं मला आयुष्यभर दोनदा ऐकावं लागलं आहे. या आवाजाचा उपयोग गडाच्या कामी होईल असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं.

झालं असं. मुलाच्या लग्नाला वर्ष झालं तेव्हा मी सुनेला घेऊन गडावरच्या देवीची ओटी भरायला निघाले. रविवार होता, म्हणजे मुंबई-पुण्याची माणसं आलेली. जुन्या हायवेवरून गाड्या आत वळतात, कर्जतला उतरणारे रिक्षाने येतात, आणि पावसाळाभर आमची वाट जत्रेसारखी वाहते. खिंडीत पोचलो तर एक तरणाबांड मुलगा थेट देवावर बसलेला. हातात वेफर्सचं पाकीट, शेजारी गाणी वाजवणारा डबा. मी तिथूनच ओरडले, "ए, ऊठ! आज्याच्या डोक्यावर बसलायस!"

तो ताडकन उठला. घाबरला बिचारा. म्हणाला, "सॉरी काकी, मला वाटलं दगड आहे."

मी पुढे आणखी पुष्कळ बोलले. परत येताना मात्र सून म्हणाली, "आई, तो खोटं नाही बोलला. दगडच आहे तो. कुणी सांगितल्याशिवाय त्याला कसं कळणार?"

मला राग आला. आपल्या बाजूने बोलावं की त्या पाकीटवाल्याच्या? पण ही मुलगी अशीच आहे. लोधिवलीची, रस्त्याकाठच्या गावात वाढलेली, येणाऱ्याजाणाऱ्याची सवय असलेली. कुंभिवलीकडच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. कंपनीच्या बसने जायची, कामाची पाळी बदलली की झोप बदलायची, डोळ्यांखाली कायम काळं. सुट्टीच्या रविवारी ती आमच्या अंगणात गड चढणाऱ्यांसाठी चहा-पोहे करू लागली. मग कुणी जेवण विचारलं, म्हणून तांदळाची भाकरी, पिठलं, वालाचं बिरडं सुरू झालं. गावातल्या आणखी चार घरच्या बायका तिला येऊन मिळाल्या. शेवटी एक दिवस तिने नोकरी सोडली. मुलगा रुसला. मी तिच्या बाजूने उभी राहिले असं आता गावात सगळे सांगतात, मीही ते खोडून काढत नाही. तेव्हा मी फक्त एवढंच म्हणाले होते की बघ बाई, गड आहे म्हणून माणसं येतायत, वाट आहे म्हणून गड आहे. एका पायवाटेवर सगळा संसार टांगतेस.

तिने टांगला. आणि त्या देवावर बसलेल्या मुलामुळे तिच्या डोक्यात एक गोष्ट शिरली, की आलेल्या माणसांना ओरडायचं नाही, सांगायचं. पोह्याची ताटली हातात देताना ती खिंडीतल्या देवाचं सांगू लागली. हा असा देव आहे, त्याला डहाळी ठेवायची, ठेवून मग पुढे जायचं. मी चुलीपाशी बसून हसायचे. म्हटलं, "सांग सांग. गाणी बंद करून तुजं कीर्तन ऐकायलाच आलीत ती."

तर ती ऐकायला लागली की हो! लहान मुलं गोष्ट ऐकताना तोंड उघडं टाकतात तशी मोठाली माणसं ताटली हातात धरून ऐकत बसायची. मी मुद्दाम एका रविवारी मागोमाग गेले. खिंडीच्या खाली एका मुलीने स्वतःहून गाण्याचा डबा बंद केला. एकेकाने डहाळी मोडली, वाकून ठेवली. कुणी देवावर बसलं नाही. देवाच्या आजूबाजूला बाटली नाही, पाकीट नाही. एवढी वर्षं घसा फोडून मला जे जमलं नव्हतं ते पोह्यांवर लिंबू पिळता पिळता तिने केलं होतं. मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि तिला म्हटलं, बस तू. मी आनंद असाच दाखवते.

पुढे कुणीतरी त्या डहाळीचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला. तो कुठे कुठे गेला कोण जाणे. पुढच्या रविवारी माणसं पोहे खायच्या आधीच विचारायला लागली, "तो डहाळीवाला देव कुठाय?" पूर्वी आमचा गड बघायला यायची, आता देवाला डहाळी ठेवायला यायची. एकच ठेवून समाधान नसायचं. आईची, बायकोची, घरी राहिलेल्या पोराची म्हणून वेगळी. फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा एक. आम्ही बायका खूश होतो. चुली वाढल्या, पातेली वाढली. खिंडीत डहाळ्यांचा ढीग देवाच्या वर गेला, तेव्हाही आम्ही कौतुकानेच बोलत होतो की बघा, किती भाविक माणसं.

आमच्या पद्धतीत चूक कुठे होती ते सांगते. आमच्या आज्यापणज्यांच्या वेळी ती खिंड ओलांडायचं कोण? गुराखी, मोळीविक्या, माहेरी निघालेली एखादी बाई. दिवसाकाठी मूठभर माणसं. तेवढ्यांच्या डहाळ्यांनी उलट वाटेवर आलेली फांदी निघायची, वाट मोकळी राहायची. गर्दीने डहाळी कशी ठेवायची हे कुणी ठरवलंच नव्हतं, कारण गर्दीच कधी नव्हती. आम्ही रिवाज जसाच्या तसा उचलला आणि शंभर हातांत दिला.

उन्हाळा सरता सरता वाडीतली मावशी आमच्याकडे आली. मावशी म्हणजे माझी कुणी नात्याची नव्हे. वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई, दर सोमवारी खिंडीत जाऊन देवाला दिवा लावणारी. जांभळांच्या दिवसात वाडीच्या बायका त्याच झाडांची जांभळं पानांच्या द्रोणात घालून चौकला हायवेवर विकायला बसतात, त्यांतली ही पुढारी. एरवी आली की ओटीवर फतकल मारून आधी चहा मागायची. त्या दिवशी उभीच राहिली. मी चहा टाकते म्हटलं तर म्हणाली, "च्या नको. जांबळी बग जाऊन आमच्या."

सून बाहेर आली. मावशी तिच्याकडे वळली. "तू सांगितलंस त्यानला डहाळी मोडा. मोडली त्यांनी. हाताला लागंल तितवर येक पान नाय ऱ्हायलं. ल्हान झाडं तर वाळून गेली. ह्या सालाला खालच्या फांदीला येक जांबूळ धरलं नाय. देवाला पान दिलंत का देवाचं रान खाल्लंत गं?"

सून पायऱ्या उतरून तिच्याजवळ आली. मावशी म्हणाली, "वाट बंद केलीय आमी. काट्या टाकल्यात," आणि गेली.

आम्ही दोघी लगेच वर गेलो. वाडीच्या पुढे वाटेवर करवंदीच्या काट्या आडव्या घातलेल्या, खिंडीकडे जायची सोय नाही. कडेकडेने अंग चोरून आम्ही खिंड गाठली. मी आधी कितीदा तरी तिथून गेले होते, पण डहाळ्यांच्या ढिगाकडे बघत गेले होते, झाडांकडे बघितलंच नव्हतं. माणसाचा हात पोचतो तिथपर्यंत सगळी झाडं नागडी होती. त्याच्या वर हिरवीगार. सून एका वाळलेल्या रोपाजवळ बसली आणि रडली. मी तिला रडू दिलं.

घरी मुलगा भडकला. "रान सरकारचं आहे, वाडीच्या मालकीचं नाही. काट्या उचलून फेकतो उद्या." गावातली आणखी दोन-चार टाळकी त्याच्याबरोबर निघायला तयार होती, कारण रविवार जवळ आला होता आणि पावसाळा तोंडावर होता. मी म्हटलं, "जा की. काट्या फेक. मग रईवारी मावशीच्या डोळ्यांदेखत त्याच झाडांखालनं मानसं ने. आनि जेवायला सरकारला घाल पिठलं." आमचे हे कधी नव्हे ते एकदाच आणि ऐकू येईल असं बोलले, "काट्यांना हात लावायचा नाय." मुलाने बेत सोडला.

सुनेने वाडीत निरोप धाडला, बसून बोलू या. दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडीतच बसलो. इकडून मी, सून आणि स्वयंपाकातल्या बायका, तिकडून मावशी आणि वाडीतल्या बाया आणि गडी. सुनेने पहिल्यांदा हात जोडले आणि सरळ म्हणाली की आमचं चुकलं. मग वाडीतल्या एका माणसाने सवाल टाकला. "रिवाज हाय, येक मानूस येक डहाळी. तो मोडता येनार नाय. आनि मानसं तर अशी वाढली. मग झाडं कुटून वाढवायची?"

आमच्यातली एक म्हणाली, घरून झेंडूची फुलं आणायला सांगू. तर वाडीतली एक बाई लगेच, "मंग फुलांच्या पिशव्या कोन उचलनार?" दुसरी म्हणाली, कापडाची डहाळी करून ठेवू, तीच प्रत्येकाने देवाला लावायची आणि मागच्याला द्यायची. मावशीने तिच्याकडे असं पाहिलं की ती पदराआड गेली. वाडीतली पोरं फिदीफिदी हसली. मलाही हसू आलं, आणि त्या हसण्यातच मला माझं लग्न आठवलं.

माझं माहेर गडापलीकडचं. तेव्हा गाडीरस्ता लांबचा वळसा घालून, म्हणून आमचं अख्खं वऱ्हाड या खिंडीतून पायी आलं होतं. म्हाताऱ्या, कडेवरची पोरं, वाजंत्री, आहेराची भांडी डोक्यावर घेतलेले गडी. खिंडीत सगळे थांबले. माझ्या मामाने एक डहाळी मोडली, देवापुढे ठेवली आणि म्हणाला, सगळ्यांची. बाकी कुणी पानाला हात लावला नाही. मला ते स्वच्छ आठवलं, कारण नवरीची म्हणून वेगळी डहाळी का नाही, यावरून मी तिथेच फुगून बसले होते.

मी हे सांगितल्यावर मावशी मान हलवत म्हणाली, "व्हय. वऱ्हाडाची येकच आसते. माजी आय बी सांगायची." आमच्या बायकांचे चेहरे फुलले. पण मावशी अजून विचारात होती. तिने मला विचारलं, "पन वऱ्हाड येका घरचं आसतं. कोनाचं हाय ते सगळ्यांना ठावं आसतं. त्यातला येकादा वंगाळ वागला, तर त्या घराला बोल लागतो. ही रईवारची मानसं कोनाची गं?"

खरंच, कोणाची? आम्ही त्यांना चहा देत होतो, पोहे देत होतो, वाट दाखवत होतो, पण आपली कधी म्हटलं होतं?

"माझी," सून म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती उभी राहिली होती. "माझ्या अंगणात बसून जेवतील तीच वर येतील. मी स्वतः घेऊन येईन. त्यांनी पान तोडलं, घाण केली, वेडंवाकडं वागली, तर बोल मला लावा. माझ्या घराला लावा."

मला त्या वेळी तिचा पदर ओढून तिला खाली बसवावंसं वाटलं. सगळ्या मुंबईचं ओझं ही पोर डोक्यावर घेत होती. त्यातलं कोण कसं वागेल याची हमी त्यांच्या आया तरी देतील का? भीती वाटली. आणि त्याच वेळी तिचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

मावशीने देवापुढचा वाळका पाला हाताने बाजूला केला. मग म्हणाली, "बरं. पन ह्या पावसात कोनी नाय. झाडांना पान फुटू दे. दिवाळी झाली का बघू."

म्हणजे आमचा कमाईचा सगळा हंगाम गेला. बाकीच्या बायका कुरकुरल्या. सुनेने मान डोलावली आणि ठरलं.

तो पावसाळा मी विसरणार नाही. सून फोन आला की एकच सांगायची, खिंडीतली झाडं विसाव्याला आहेत, या वर्षी गड नाही. काही जण उलटसुलट बोलायचे, काही फोन आपटायचे. पण काही जण म्हणायचे, गड नाही तर नाही, जेवायला येऊ का? त्यांना घेऊन ती गावच्या तळ्याकाठी जायची. तिथे वडाखाली जुने वीरगळ आहेत, लढाईत पडलेल्या कुणाकुणाचे कोरीव दगड. आमच्या बायका इतकी वर्षं त्यांच्यावर धुणं वाळत घालायच्या, ते तिने आधी बंद करवलं. लावणीच्या दिवसांत तिने पाहुण्यांना आमच्या खाचरात उतरवलं. त्यांनी लावलेल्या ओळी अशा की साप सरपटत गेल्यासारख्या. आमचे हे संध्याकाळी कुणाला न सांगता जाऊन सगळं नीट करून यायचे. सुनेने वाडीच्या बायकांना स्वयंपाकात बोलावलं. त्या कुरडू, टाकळा, भारंगी अशा रानभाज्या घेऊन यायच्या आणि आमच्याच चुलीवर आमच्याच स्वयंपाकाला नावं ठेवायच्या. मला त्यांची सोबत आवडायला लागली होती.

पण रविवार कधी कधी कोरडा जायचा. भाकऱ्या घरातच खाऊन संपवाव्या लागायच्या. अशाच एका दिवशी सुनेला तिच्या जुन्या कंपनीतून फोन आला, जागा आहे, येतेस का? फोन ठेवून ती ओटीवर बसून राहिली. मुलगा तिच्याकडे आशेने बघत होता. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "जायचं तर जा, पोरी. मी रागावनार नाय. पन तू गेलीस तर मला करमनार नाय, ते आताच सांगून ठेवते. मागनं म्हनू नकोस का आई कधी बोलली नाय."

ती माझ्याकडे बघून हसली. दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला नाही म्हणून कळवलं, हे मला मुलाच्या लांब चेहऱ्यावरून कळलं.

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर दोन-चार दिवसांत वाडीतल्या लोकांनी आपणहून काट्या काढल्या. सुनेने नियम केला तो फारच साधा होता. आमच्या अंगणात एका पंगतीला जेवढी पानं बसतात तेवढीच माणसं गडावर. पंगत भरली की बाकीच्यांनी पुढच्या रविवारी यायचं, मग तो कुणी का असेना. पहिल्या दिवशी एकाने गाडीतून उतरून आपण कोण आहोत ते फार मोठ्याने सांगितलं. तेव्हा मात्र सुनेने मला पुढे केलं. माझा आवाज अगदीच वाया गेलेला नाही.

सकाळी पंगत उठली. पाकिटं, बाटल्या, गाण्यांचे डबे सगळ्यांनी अंगणातल्या पिंपात ठेवले, पाण्याला आमचे तांबे घेतले आणि वऱ्हाड निघालं. सून पुढे, मी सगळ्यांच्या मागे. कुणी खिशात वेफर्स लपवलेत का, ते मी बघत चालले होते. वाडीतून जाताना दारादारांत माणसं उभी राहून बघत होती, एकाही पोराने टाटा केला नाही. खिंडीत मावशी देवापाशी उभी होती. झाडांना हाताच्या उंचीवर कोवळी पानं आली होती, तांबूस, तुळतुळीत, आणि तो पाला बघून एका मुलीचा हात नकळत वर गेला. सुनेने नुसतं वळून पाहिलं. मुलीने हात खाली घेतला आणि शेजारच्या मुलाचाही धरून ठेवला.

ते मावशीने पाहिलं. ती ऐनाच्या झाडाशी गेली, दाट पानांतून शोधून एक बारकीशी डहाळी मोडली. मला वाटलं, आता देवापुढे ठेवील. पण ती सुनेजवळ आली आणि डहाळी तिच्या हातात दिली.

"तुजं वऱ्हाड हाय. तूच ठेव."

सुनेने डोक्यावर पदर घेतला, वाकली आणि डहाळी ठेवली. ती उठली, तर मावशी गडाच्या वाटेला लागून मागे वळून आमच्याकडेच बघत होती.

"चल गं," ती म्हणाली, "लई सालं झाली, देवीला गेले नाय. मला बी घे तुज्या वऱ्हाडात."